काळं झबलं आणि डहाणूची संक्रांत

डहाणूला जाऊन आले म्हटलं की बार्शीतली माणसं दोनच प्रश्न विचारतात. समुद्र कसा आहे, आणि चिकू आणलेस का. समुद्र चांगला आहे. चिकू आणले होते, ते वाटून संपले. पण मी तिकडे गेले होते ती एक झबलं पोचवायला. वीतभर कपड्यासाठी एवढ्या लांब कोण जातं, असं आमच्या पतसंस्थेतल्या साहेबांनीही रजेच्या अर्जावर सही करताना विचारलं. मी म्हटलं, "साहेब, झबलं पोस्टाने जाईल. माहेर पोस्टाने जात नाही."

ते असं झालं. सुरेखा आणि मी सोलापूरला कॉलेजात असताना वसतिगृहात एका खोलीत राहायचो. दोघींच्याही घरात दहावीपुढे गेलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे आमचं पटकन जमलं. आम्ही दोघी बी.कॉम. झालो, आणि हे मी अजूनही ओळख करून देताना सांगते, लोकांना आवडो न आवडो. सुरेखाची आई आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना गेली. पुढे सुरेखाला तारापूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम मिळालं. तिथे हितेश भेटला आणि तिने आपल्या मनाने लग्न केलं. भावाने त्या दिवसापासून बोलणं टाकलं. २०१७ च्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली, आणि डिसेंबरात तिचा फोन आला.

"मंगल, ध्रुवीची पहिली संक्रांत आहे. बोरन्हाण करायचंय. माहेरचं काळं झबलं कोण आणणार गं?"

"मी पाठवते की."

"पाठवू नको. घेऊन ये."

शिवणकाम हा माझा धंदा नाही, हौस आहे. संध्याकाळी घरी आले की चहा आणि मशीन. बार्शीतल्या ओळखीच्या दुकानातून मऊ काळं सुती कापड आणलं. रंग बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून मिठाच्या पाण्यातून काढलं, वाळवलं, पुन्हा काढलं. झबल्याच्या घेरावर आणि गळ्याला पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक गाठी घातल्या, लांबून बघितलं तर हलवा चिकटवलाय असं वाटावं. सगळ्या शिवणींच्या कडा आत दुमडून पुन्हा शिवल्या. झबल्याची आतली बाजू बाळाला लागते, बाहेरची फक्त पाहुण्यांना दिसते, असं माझं मत आहे. मग ते झबलं जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून मी निघाले. गाडीतल्या गर्दीचं काही सांगत नाही, ती सगळ्यांना ठाऊक आहे.

डहाणू रोड

स्टेशनावर उतरल्यावर पहिला वास चिकूचा आला. फलाटाच्या कडेला चिकूच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. दुसरा वास सुकटीचा. हितेश टेम्पो घेऊन आला होता. पुढच्या सीटवर मी, मागे रिकाम्या पेट्या. तो चहावाल्याशी गुजरातीत बोलला, पोलिसाशी मराठीत, आणि पुढे फाटकात आडव्या आलेल्या मोटारसायकलवाल्याशी हिंदीत. मी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? म्हणाला, "घरी आई बोलते, आम्ही ऐकतो."

त्यांची वाडी डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरचं एखादं लिंबाचं, नाहीतर बाभूळ. इथे चिकूची झाडं इतकी दाट, की घराच्या ओटीवर दुपारीही सावलीच. झाडांच्या पलीकडे नारळ, ताड, आणि त्याच्याही पलीकडे समुद्राचा आवाज, सगळा वेळ, कुणीतरी गोणपाट ओढत असल्यासारखा.

हितेशची आई ओटीवरच उभी होती. कांताकाकी. मी काकू म्हणाले तर म्हणाल्या, "काकू तुमच्या तिकडे. इथे काकी." त्यांचं माहेर हद्दीपलीकडे उंबरगावचं, शाळा सातवीपर्यंत गुजरातीत. बोलणं मराठीच, पण शेवटाला 'ने' लावायची सवय. बस ने, खा ने, दमली असशील ने. उंच, सडसडीत बाई, आणि नजर अशी, की मी आत पाऊल टाकायच्या आधी माझ्या कुडत्याची शिवण त्यांनी बघून घेतली. मला ते कळलं. मीसुद्धा लोकांची शिवण आधी बघते.

गवती चहाच्या पातीचा आणि पुदिन्याचा चहा झाला. ध्रुवी सहा महिन्यांची, गोरीगोमटी, माझ्या नाकातली चमकी उपटायला निघालेली. मला धीर धरवेना. मी पिशवीतून गुंडाळी काढली आणि झबलं काकींच्या हातात दिलं.

काकींनी हात पदराला पुसले. झबलं समोर धरलं. गाठींवरून बोट फिरवलं. सुरेखा त्यांच्या तोंडाकडे बघत होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, नंतर आठवलं.

"हात चांगला आहे तुझा," काकी म्हणाल्या. मग त्यांनी त्या झबल्याची नीट, कडेला कड लावून घडी केली, ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि कपाट लावून टाकलं. "जेवायला बोंबील चालतात ने तुला? चिंचणीहून आणलेत, ताजे."

बोंबील चालतात, असं मी म्हटलं. खरं तर मी ते कधी खाल्ले नव्हते.

अंधार पडायच्या आत सुरेखा मला वाडी दाखवायच्या निमित्ताने बाहेर घेऊन गेली. दोन झाडं ओलांडल्यावर म्हणाली, "यांच्यात लहान लेकराला काळं घालत नाहीत. सणाला तर अजिबात नाही."

"आणि तू मला हे आता सांगतेस?"

"मला वाटलं, एवढं सुंदर बघितल्यावर विरघळतील."

"फळीवर ठेवलं त्यांनी. विरघळणारा माणूस एवढ्या उंचावर ठेवत नाही."

सुरेखा हसली. एका खोडाला टेकून म्हणाली, "इथे मला कुणी काही कमी केलं नाही, मंगल. इथल्या आईंनी बाळंतपण केलं, आठ आठ दिवस उठू दिलं नाही. पण पोरीच्या अंगावर माझ्या घरची एक चिंधीसुद्धा नाही. भाऊ यायचा नाही. आई तर नाहीच. निदान आपल्याकडचं झबलं एकदा तिच्या अंगावर बघायचं होतं."

मी स्वभावाने गप्प बसणारी नाही. रात्रीच्या जेवणाला बोंबलाचं कालवण होतं, जिभेवर ठेवताच विरघळणारं, आणि तांदळाची पांढरी भाकरी. मी दुसरी भाकरी मोडता मोडता विषय काढला.

"काकी, आमच्याकडे संक्रांतीला काळंच घालतात. थंडीचे दिवस, काळ्यात ऊब राहते. शिवाय आम्ही शिकलेल्या बायका, रंगाबिंगाचं काही मानत नाही. रंगात काय असतं?"

काकींनी माझ्या पानात कालवण वाढलं. "रंगात काही नसतं ने?"

"नाही."

"मग लाल घाल."

हितेशने मान पानात घातली. सुरेखाचे खांदे हलत होते. मी मोडलेल्या भाकरीचे आणखी तुकडे केले.

"राग नको करू," काकी म्हणाल्या. "माझ्या घरात कोणी घातलं नाय, सासूने नाय, तिच्या सासूने नाय. मी घातलं आणि उद्या पोरीला साधं सर्दी-पडसं झालं, तरी माझ्या जीवाला लागेल. पण माहेरचं कापड अंगावर पाहिजे, हे तुझं खरं आहे. उद्या बाजारात जाऊ. कापड तू घे, शिवायचं तू. माझं मशीन आहे. मी सुई पण घेणार नाय हातात."

आता एवढी सरळ बोलणारी बाई समोर असली की भांडण कसं करायचं?

बाजार

डहाणू रोडच्या बाजारात कापडाची दुकानं आमच्या बार्शीसारखीच, चपला बाहेर काढून गादीवर बसायचं. फरक असा की सुरत जवळ असल्यामुळे मिलचे तुकडे इथे ढिगाने येतात. एका दुकानात तर ते किलोवर विकत होते, कांद्यासारखे. मी ढिगात हात घातला आणि मला काळवेळेचं भान राहिलं नाही. एक पिस्त्याच्या रंगाचा रेशमी तुकडा निघाला, बरोबर एका पोलक्याचा. फुलाफुलांचं वॉयल निघालं. जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड निघालं, त्याच्या पिशव्या छान होतील. तीन मैत्रिणींच्या तीन भेटी मी तिथे बसल्या बसल्या मनात शिवून टाकल्या.

काकी माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या आणि ढिगाच्या दुसऱ्या बाजूने शोधत होत्या. एकदा दोघींनी एकाच तुकड्याची दोन टोकं धरली. निळ्यावर पांढरी नक्षी.

"सोड ने, पाहुणी आहेस," काकी म्हणाल्या.

"पाहुणीला देतात, काकी. पाहुणीकडून घेत नाहीत."

त्यांनी सोडला. पण दुकानदाराला गुजरातीत काहीतरी सांगितलं आणि तो हसत हसत आतून त्याच नक्षीचं अखंड कापड घेऊन आला. काकींनी त्यातलं आपल्याला घेतलं आणि माझ्याकडे बघितलं नाही.

पण बाळासाठी कापड मिळालं नाही. जे मऊ होतं त्याचा रंग बेगडी, जे लाल होतं ते कडक. मी ओठांवर कापड फिरवून बघते, ओठांना टोचलं तर बाळाला टोचणार. दुकानदार मला थांबवायला आला तेव्हा काकी म्हणाल्या, "बघू दे तिला. ती माझ्या सुनेच्या माहेरची आहे." माझा राग तिथे निम्मा उतरला. निम्मा ठेवून दिला.

तलासरी

दुसऱ्या दिवशी भोगी. आमच्याकडे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि गाजर, वाटाणा, हरभऱ्याचे दाणे, वांगी अशी मिसळीची भाजी. काकींनी पहाटेच चुलीवर मडकं चढवलं होतं, त्यात कंद, रताळी, वालाच्या शेंगा, वांगी, ओल्या नारळाचं वाटण. उकडहंडी म्हणतात. पाण्याचा थेंब न घालता ती आपल्याच वाफेवर शिजते. मी दोन्हींची तुलना करायला बसले होते, पण दोनदा वाढून घेतल्यावर तुलना राहून गेली.

तलासरीला हितेशला पेट्या पोचवायच्या होत्या आणि तिथे बाजार होता. काकी म्हणाल्या, तिथे एक म्हातारा बसतो, त्याच्याकडे पातळ सुती मिळेल. सुरेखा बाळाला घेऊन घरी राहिली, आम्ही टेम्पोत बसलो. समुद्र मागे पडला की रस्ता चढायला लागतो, वाड्या संपतात, भात कापून झालेली खाचरं दिसतात, मग साग, ताड आणि लांब लांब पाडे. जमीन तांबडी होत जाते. भिंतींवर पांढऱ्या रंगाची चित्रं काढलेली घरं दिसली. शहरात तशा चित्रांचे कुडते मी दुकानात पाहिले होते, पण इथे एका भिंतीवर चित्रातल्या नाचणाऱ्या माणसांच्या मधोमध कुणीतरी मोटारसायकलही काढली होती. ती मला सगळ्यात आवडली.

तलासरीच्या बाजारात बायकाच जास्त. आजूबाजूच्या पाड्यांतून आलेल्या, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली लुगडी, डोक्यात आबोलीचे गजरे. कापडवाला म्हातारा ताडपत्रीखाली बसला होता. माझ्या आधी एक बाई लुगडं निवडत होती. तिने पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं आणि तळहातावर घासलं.

"रंग जाईल काय, बाबा?"

"अंग जाईल, रंग नाय जायचा."

"अंग माझं आहे, त्याची काळजी मी करीन. रंगाचं बोल."

म्हातारा हसला. रंग तळहातावर उतरला नव्हता, तरी तिने दुसरं टोक घासून बघितलं. तेही ठीक निघाल्यावर मगच घेतलं. मी तिला विचारलं, सणाचं आहे का. म्हणाली, "बहिणीचं आहे. माझं असतं तर एकदाच घासलं असतं."

आमच्या पाळीला म्हाताऱ्याने ताग्यांच्या तळातून एक उरलेला लाल तुकडा काढला. मलमलीसारखा मऊ, त्यावर मोहरीएवढे पिवळे ठिपके. मी ओठांवर फिरवला, टोक ओलं करून घासलं. काहीच उतरलं नाही. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"आवडलं?"

आवडलं होतं. तेच तर वाईट होतं. ते कापड फडतूस असतं तर मला आनंदाने नाराज राहता आलं असतं.

ओटीवरचं मशीन

काकींचं मशीन पायाचं. घरी माझ्या मशीनला मोटर आहे, बोट दाबलं की पळतं. पायाच्या मशीनवर मी शाळेत असताना शेजारच्या शिंपीणबाईंकडे शिकले होते, पण पाय विसरला होता. पहिल्याच दाबाला चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, खाली धाग्यांचा गुंता झाला. काकी बाजूला वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुईला हात लावणार नाही म्हटलं होतं आणि लावला नाही, पण तोंडाचं काही ठरलं नव्हतं.

"हात लाव चाकाला आधी. आपल्याकडे ओढ. आता पाय. हा. कॉलेजात हे नाय शिकवलं?"

"कॉलेजात बाकी सगळं शिकवलं."

मापासाठी मला काळं झबलं लागणार होतं. मी मागितलं. काकी उठल्या, स्टूल घेतलं, वरच्या फळीवरून ते काढून आणलं आणि माझ्यापुढे धरायच्या आधी सहज उलटं केलं. आतली बाजू बाहेर. मग त्या तशाच उभ्या राहिल्या. शिवणीवरून बोट नेलं, बगलेत नेलं, गळ्याच्या पट्टीवर नेलं. कुठेही कापडाची कड हाताला लागत नव्हती.

"आतून पण एवढं?"

"आतूनच तर अंगाला लागतं, काकी."

झबलं सुलटं करून त्यांनी ते लाल कापडावर पसरलं आणि सुरकुत्या काढल्या.

सुरेखा ध्रुवीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने अचानक सांगायला सुरुवात केली, माझ्याकडे बघत, पण काकींना ऐकू जाईल असं. "माझ्या पहिल्या संक्रांतीला काळं कापड आणायला घरात काही नव्हतं. मग आईने काय केलं, मोडक्या छत्रीचं कापड उसवलं आणि त्याचं झबलं शिवलं. हाताने. टोचायचं म्हणे मला, मी रडून गोंधळ घातला. मी मोठी होईपर्यंत आई सांगायची, त्या दिवशी पाऊस पडला असता तरी माझी पोरगी भिजली नसती."

काकी हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, वालाचं सूप बाजूला ठेवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "छत्रीचं? खरंच छत्रीचं?"

"हो आई. काड्या तेवढ्या काढल्या होत्या."

काकी पुन्हा हसल्या. मग हसू उतरलं आणि त्या सुरेखाकडे वळल्या. "मला तू कधी बोलली नाय तिच्याबद्दल," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी विचारलं नाही."

मी मान खाली घालून पाय चालवत राहिले. असल्या वेळी मशीनचा आवाज फार सोयीचा असतो.

संक्रांत

लाल झबलं चांगलं झालं. हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण खोटी नम्रता मला जमत नाही. पिवळे ठिपके शिवणीवर जुळवले होते, पाठीला दोन बंद. काकींनी ओवाळलं. हलव्याचे दागिने मी बार्शीहून डब्यात कापसात ठेवून आणले होते, त्यातला मुकुट प्रवासात मोडला होता, तो साखरेच्या पाकाने जोडला. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या डोक्यावरून ओतल्या, आणि काकींनी त्यात चिकूच्या वाळवलेल्या फोडी टाकल्या. मी बघत राहिले, तर म्हणाल्या, "वाडीची पोर आहे ने." शेजारची मुलं बोरं वेचायला तुटून पडली आणि वेचून होताच पतंगांकडे पळाली. ओटीपासून रस्त्यापर्यंत सगळीकडे मांजा आणि ओरडा. आमच्याकडे संक्रांत बायकांची असते, इथे गच्चीवरच्या पोरांची.

शेजारणींपैकी एकीने विचारलं, "माहेरचं काय आलं?"

"हे काय, अंगावर आहे," काकी म्हणाल्या. "आणि अजून एक आहे."

सुरेखाने दिवसभर हसून सगळ्यांना तिळगूळ दिला. पण एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ती कपाटासमोर उभी होती. कपाट उघडलेलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "लाल छान दिसतंय ना तिला?" छान दिसतंय, मी म्हटलं. ते खरं होतं, आणि पुरेसं नव्हतं. माझी गाडी परवाची होती. ते झबलं आता फळीवरच लहान होणार, असं मी धरून चालले.

झाई

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींनी फर्मान काढलं, पाहुणीला झाईचा समुद्र दाखवायचा, सगळ्यांनी चला. मी ओटीवर चप्पल घालत होते. आतून काकी ध्रुवीला घेऊन आल्या.

पोरीच्या अंगावर काळं झबलं होतं.

"सण काल झाला," काकी म्हणाल्या. "आज साधा दिवस. साध्या दिवशी काळं घातलं तर माझ्या सासूचं काय जाते?" तरी काजळाची तीट त्यांनी गालावर नेहमीपेक्षा मोठी लावली होती.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे किंक्रांत. वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. त्या दिवशी नवं काही अंगाला लावायचं नाही, शुभ काही करायचं नाही, प्रवासाला तर निघायचंच नाही. माझी आई किंक्रांतीला मला नवी रिबीनसुद्धा बांधू द्यायची नाही. आणि माझ्यासमोर सहा महिन्यांचं लेकरू, कोरं करकरीत झबलं घालून, टेम्पोत बसून गावाला निघालेलं.

रंगात काही नसतं म्हणणारी मी. बी.कॉम. 'काकी, आज नको' हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. मी सुरेखाकडे बघितलं. ती दारात उभी होती, एक हात तोंडावर. तिलाही किंक्रांत तितकीच ठाऊक, तीही त्याच मातीतली. तिने लेकीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली. नको बोलू.

"पाठीचा बंद घट्ट बांधा, काकी," मी म्हटलं. "सुटेल."

झाई म्हणजे महाराष्ट्राचं शेवटचं गाव. पुढे खाडी आणि गुजरात. वाटेत एकाने ताडाखाली मडकं घेऊन बसून नीरा विकायला ठेवली होती, ती प्यालो, गार आणि गोड. किनाऱ्यावर सुरूची झाडं, वाळूवर ओढलेल्या होड्या, दांड्यांवर सुकत घातलेली मासळी. जाळी विणत बसलेल्या दोघी-तिघींनी ध्रुवीला हातोहात घेतलं. एकीने गाठींना हात लावून विचारलं, हे मणी आहेत काय? काकी म्हणाल्या, "दोरा आहे, दोरा. हिच्या मावशीने शिवलंय. आतून बघ." आणि त्यांनी भर किनाऱ्यावर झबल्याचा काठ उलटा करून त्यांना दाखवला. लेकराचं पोट उघडं पडलं, ते खिदळायला लागलं.

मी सगळा वेळ त्या पोरीवर नजर ठेवून होते. शिंकली का, खोकली का, माशी बसली का. तिला काहीही झालं नाही. ती ओल्या वाळूत बसली, एक शिंपला तोंडात घालू लागली, काढून घेतला तर दुसरा उचलला. सुरेखा तिच्यासमोर पाय पसरून बसली होती आणि फक्त बघत होती. फोटो काढायचंही तिला सुचलं नाही, ते हितेशने काढले.

परत निघताना काकींनी मला विचारलं, "तुमच्याकडे आज काय असते, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी?"

मी सरळ बोलणारी बाई. उभ्या आयुष्यात मला गोड खोटं जमलेलं नाही. मी चपलेचा पट्टा लावायला वाकले. तेवढ्यात सुरेखा पायाची वाळू झटकत म्हणाली, "आज पोरांना फिरायला नेतात, आई. काळे कपडे घालून."

काकींनी माझ्याकडे बघितलं. "हो?"

"हो," मी म्हटलं.

"मग बरं झालं. दर वर्षी आजच घालू ने. काल आमचं, आज तुमचं."

निघायच्या दिवशी काकींनी मला एक पिशवी दिली. निळ्यावर पांढरी नक्षी, तेच कापड, आत अस्तर, आणि अस्तराच्या सगळ्या कडा दुमडून शिवलेल्या. कधी शिवली कळलं नाही. आत चिकू होते.

याला वर्ष होत आलं. परवा काकींचा फोन आला. ध्रुवी चालायला लागली, झबलं आता होत नाही, यंदाचा काळा फ्रॉक त्या स्वतः शिवणार आहेत. पण कापड माहेरचंच पाहिजे, तेवढं पाठव. मी संध्याकाळी माझ्या नेहमीच्या दुकानात गेले आणि मऊ काळं सुती मागितलं. दुकानदार तागा उलगडत म्हणाला, "संक्रांतीला ना?"

"नाही. दुसऱ्या दिवशीला."

त्याची कात्री थांबली. "ताई, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. किंक्रांतीला लेकराला नवं कोण घालतं?"

"डहाणूला घालतात," मी म्हटलं. "कापा तुम्ही."